एक हॉर्सपॉवर, तीन फेज आणि घरचं कनेक्शन

वागळे इस्टेटमधल्या एका पॅटर्नवाल्याने गाळा रिकामा करायला काढला आणि त्याचा लाकडाचा लेथ माझ्या वाट्याला आला. पॅटर्नवाले म्हणजे फाउंड्रीसाठी लाकडाचे नमुने करणारे लोक. त्या नमुन्याभोवती वाळू दाबून साचा करायचा आणि साच्यात धातू ओतायचा. पुली, व्हॉल्व्हची बॉडी, पंपाचं कव्हर, जे जे गोल ते आधी लाकडात कातलं जायचं. आता हे काम बरंचसं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर गेलंय आणि वागळे इस्टेटमध्ये गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे असली यंत्रं अधूनमधून भंगाराच्या भावात निघतात. माझा लेथ बिडाचा. बेडला कुठे टवका नाही, स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हलवून पाहिला तर जराही खेळ नाही. ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर, जिथे नकाशात गाडी दाखवलेली आहे आणि प्रत्यक्षात माझं सुतारकाम चालतं, तिथे तो टेम्पोतून उतरवला.

मोटर मात्र थ्री फेज. पाटी टर्पेंटाइनने पुसल्यावर वाचता आली: १ एचपी, ०.७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, फ्रेम ८०, आयएस ३२५. घरात २३० व्होल्टचं सिंगल फेज. मी डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा केलाय, पण पोटापाण्याचं काम गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरचं. मोटरच्या आतली तारांची तीन वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा, कागदावर झोपेतही काढता येतात. हाताने जोडायची वेळ कॉलेज सुटल्यावर आली नव्हती.

सल्ले भरपूर मिळाले. शेजारचे काका म्हणाले, महावितरणकडे अर्ज टाक, थ्री फेज मीटर घे. होतं तसं. पण त्यासाठी मीटर बदलायचं, नवी केबल ओढायची, आणि लेथ चालो न चालो, थ्री फेजचा जास्तीचा स्थिर आकार दर महिन्याला भरत बसायचं. एका हॉर्सपॉवरच्या हौसेसाठी एवढा संसार कोण मांडणार!

सिन्नरहून मामांचा फोन आला, "कंडेन्सर लाव आणि मोकळी हो." शेतीच्या पंपांवर हा प्रकार सर्रास चालतो. थ्री फेजची वेळ संपली आणि लाइन सिंगलवर आली, की मोटरच्या तिसऱ्या टोकाला कंडेन्सर लावून पाणी ओढतात. चालतो पंप. पण कंडेन्सरने बनवलेली ती तिसरी फेज एका ठरावीक लोडलाच नीट बसते. पंपाचा लोड तासन्‌तास सारखा, म्हणून तिथे निभावून जातं. लेथवर एका क्षणी पटाशी लाकडात रुतलेली असते आणि दुसऱ्या क्षणी हवेत. लोड हलला की तिन्ही वाइंडिंगमधला करंट विषम होतो, मोटर घुमते, तापते आणि पूर्ण ताकद तर देतच नाही. मामांनाही पंपाची मोटर भरून आणावी लागलेली आहे. हे मामा सांगत नाहीत, मामी सांगते.

तिसरा मार्ग सरळ होता: मोटर बदलून सिंगल फेजची कंडेन्सर-स्टार्ट घ्यायची. त्यात काही वाईट नाही. ज्याला ड्रिल प्रेस किंवा करवतीचं टेबल चालवायचंय त्याने खुशाल तीच घ्यावी, सोबत चांगला स्टार्टर लावावा आणि बाकीचं हे सगळं वाचूही नये. पण लेथची गोष्ट वेगळी. लाकूड कातताना वेग सतत बदलावा लागतो. कातणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यायला हवं. म्हणजे सहा इंची वाडगा हजार ते दीड हजारावर, दहा इंची ताट सहाशे ते नऊशेवर. आणि ओबडधोबड ठोकळा प्रथम लावला असेल तर त्याहूनही खाली. सिंगल फेज मोटरवर प्रत्येक वेळी झाकण उघडा, पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवा. शिवाय तिच्या आतला सेंट्रिफ्युगल स्विच वारंवार चालू-बंद केल्याने झिजतो, आणि लेथ तर दर पाच मिनिटांनी थांबवून बघायची वस्तू.

म्हणून व्हीएफडी. बाजारात त्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. घरचा २३० व्होल्टचा एसी तो आत घेतो, त्याचं सुमारे ३२५ व्होल्टचं डीसी करतो आणि त्या डीसीचे बारीक तुकडे करून तीन फेजचा नवा एसी बाहेर काढतो, तोही हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा. फ्रिक्वेन्सी कमी केली की मोटरचा वेग कमी. लेथला हेच हवं. अडचण एकच: २३० आत घालून ४१५ बाहेर येत नाहीत. सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह फार तर २३० व्होल्टचं थ्री फेज देतो, आणि माझ्या मोटरच्या पाटीवर ४१५.

इथे कॉलेजातला कागद कामाला आला. लहान मोटरी आतून बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दोन वाइंडिंगवर मिळून पडतात, एकेका वाइंडिंगला मिळतात ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४०. तेव्हा वाइंडिंग मुळात २४० व्होल्टचीच. तिन्ही वाइंडिंग डेल्टात, म्हणजे एकीच्या शेवटाला दुसरीची सुरुवात लावून त्रिकोणात, जोडल्या की मोटर २३०-२४० व्होल्टच्या थ्री फेजवर तेवढ्याच ताकदीने चालते. फक्त त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं हवीत. झाकणाचे स्क्रू काढले, आत तीनच वायरी. स्टारची गाठ कारखान्यातच मारून आत गाडून टाकलेली.

रबाळे एमआयडीसीत, मोठ्या कंपन्यांच्या मागच्या गल्ल्यांत मोटरी भरणाऱ्यांची छोटी दुकानं आहेत. अशाच एका दुकानात मोटर नेली. काकांनी शाफ्ट हाताने फिरवला, कान लावला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. आणि ताई, ही घरी चालणार नाही. सिंगल फेजची घ्या, ही जुनी माझ्याकडे सोडा."

"काका, आतला स्टार सोडवून सहा टोकं बाहेर काढून द्याल का?"

तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. "ड्राइव्हवर लावताय?"

"हो. डेल्टात."

"मग बसा. चहा सांगतो."

आधी त्यांनी मेगर लावला. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट देऊन वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. निदान एक मेगओहम तरी यायला हवा. काटा अर्ध्याच्याही खाली. "खाडीची हवा," काका म्हणाले, "पडून राहिली की मोटर पाणी पिते." यावर उपाय नवीन वाइंडिंग नव्हे. मोटर उघडली, फिरणारा रोटर बाहेर काढला आणि स्टेटरच्या, म्हणजे वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाच्या, पोटात दोनशे वॅटचा बल्ब सोडून वर गोणपाट टाकलं. रात्रभर तसाच. दुसऱ्या दिवशी काटा शंभराच्या पलीकडे.

स्टारची गाठ सोडवण्याचं काम मी जवळ उभी राहून बघितलं, आणि ते बघण्यासारखंच होतं. स्टेटरच्या एका तोंडाशी तांब्याच्या तारांची वळणं दोरीने शिवून टाकलेली असतात, वर वार्निश चढून सगळं दगडासारखं झालेलं. काकांनी हीट गनने वार्निश मऊ केलं, बांबूच्या चपट्या काडीने दोरीचे टाके एकेक वर उचलले. काडी बांबूची, कारण स्क्रूड्रायव्हर एनॅमल खरवडतो आणि खरवडलेली एक तार म्हणजे पुढे अख्खी मोटर. टाक्यांखाली एक जाडसर स्लीव्ह दिसली. ती मागे सरकवली, तर आत तीन तारांची पिळलेली, झाळलेली गाठ. तीच स्टारची. गाठ कापून तिन्ही टोकांना वेगवेगळ्या नव्या वायरी झाळल्या, प्रत्येकीवर एम्पायर स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी, चढवली, पुन्हा शिवलं, पुन्हा वार्निश. बेअरिंगही बदलली, दोन्हीकडे ६२०४.

या पद्धतीत एक सोय आहे. सहा टोकं सुटी असलेली अनोळखी मोटर हाती आली, तर कुठलं टोक वाइंडिंगची सुरुवात आणि कुठलं शेवट हे वेगळं तपासावं लागतं, कारण एक वाइंडिंग उलटी जोडली गेली तर मोटर गुरगुरते आणि बघता बघता तापते. इथे ती भानगडच नाही. गाठीतून सुटलेली तिन्ही टोकं एकाच जातीची, म्हणजे शेवटची. आधीपासून बाहेर असलेली तिन्ही सुरुवातीची. मल्टिमीटरने फक्त जोड्या शोधायच्या. तिन्ही जोड्या बारा ओहमच्या आसपास आल्या, एकमेकींशी जुळत्या. हे जुळणंच महत्त्वाचं, आकडा मोटरगणिक बदलतो.

तीन टोकांच्या जागी सहा टोकांची टर्मिनल प्लेट बसवली. खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२. वरची ओळ एक घर सरकवलेली दिसते, ती मुद्दाम. पितळी पट्ट्या वरच्या ओळीत आडव्या लावल्या की तिन्ही शेवट एकत्र येतात, तो स्टार. पट्ट्या उभ्या लावल्या की यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२ आणि डब्ल्यू१ ला व्ही२ मिळतं, तो डेल्टा. ज्याने कुणी ही मांडणी शोधली त्याला नमस्कार करावा. आकृती न बघता, नुसत्या पट्ट्या आडव्या की उभ्या एवढ्यावरून मोटर कशात आहे ते कळतं.

पाटीवरचा १.८ अँपिअर मात्र आता खोटा झाला होता. तो स्टारमधला, ४१५ व्होल्टचा. डेल्टात २४० व्होल्टवर तीच ताकद द्यायची तर करंट १.७३२ पटीने वाढणार, म्हणजे ३.१ अँपिअर. ड्राइव्हमध्ये मोटरचा करंट भरावा लागतो, त्यावर त्याचं ओव्हरलोड संरक्षण चालतं. पाटी बघून १.८ भरला तर जरा जोर पडला की ड्राइव्ह ट्रिप होणार, आणि मग लोक वैतागून आकडा भलताच वाढवून ठेवतात. मी टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवलंय: डेल्टा, २४० व्होल्ट, ३.१ अँपिअर. उद्या ही मोटर दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला मला शोधत यायला नको.

घराची वायरिंग मी स्वतः केली नाही. मीटरपासून वर्कशॉपच्या बोर्डापर्यंतचं काम परवानाधारक वायरमनने करायचं असतं, आणि ते तसंच असावं. आलेला मुलगा वयाने लहान पण हाताने पक्का. सगळ्यात आधी त्याने अर्थिंग मागितलं. रो-हाऊसला स्वतःचा अर्थ पिट होता, मागच्या दाराशी तुळशीजवळ. त्याने मुख्य स्विच बंद करून अर्थ वायर सुटी केली, अर्थ टेस्टर लावला आणि नुसती मान हलवली. खणून पाहिलं तर जीआय पाइप जमिनीखाली वीतभर गेल्यावर गंजून पापुद्रे झालेला. मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीत मिठामुळे मातीचा रोध कमी होतो हे खरं, पण तेच मीठ पाइपही खातं, आणि इथे खाडीच्या बाजूची जमीन मुळातच खारट. "मॅडम, इतकी वर्षं तुमचा गीझर कशावर चालला?" त्याने विचारलं. नशिबावर, दुसरं काय. नवीन कॉपर-बाँडेड रॉड ठोकला, भोवती केमिकल कंपाउंड भरलं, आणि तिथून वर्कशॉपपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर आणली. त्या दिवशी मोटरचं काम एक इंचही पुढे सरकलं नाही, पण सगळ्या खर्चात मला सर्वांत पटलेला खर्च तोच.

मग फेजची बाजू. एका हॉर्सपॉवरच्या ड्राइव्हवर इनपुट करंट ९ अँपिअर छापलेला बघून वायरमन चक्रावला. मोटर तीन अँपिअरची आणि आत नऊ कसे जातात? दोन कारणं. मोटरच्या बाजूला तीन वायरी मिळून जी ताकद नेतात, ती आतल्या बाजूला फेज आणि न्यूट्रल ह्या एकाच जोडीतून यावी लागते. शिवाय ड्राइव्ह सलग करंट घेत नाही. त्याच्यातले कपॅसिटर भरण्यासाठी तो प्रत्येक लाटेच्या शेंड्यावर थोडा वेळ जोरात ओढतो, आणि त्यामुळे करंटचा आकडा फुगतो. म्हणून वर्कशॉपला वेगळं सर्किट: १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाच्या झटक्याने न पडणारा, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, फक्त ह्याच सर्किटची. आरसीसीबी साधी एसी टाइपची घेऊ नये, निदान ए टाइपची घ्यावी, कारण ड्राइव्हमधून जमिनीकडे गळणारा करंट शुद्ध एसी नसतो आणि साधी आरसीसीबी ऐनवेळी तो ओळखेलच असं नाही. घराला आणि वर्कशॉपला एकच आरसीसीबी ठेवली असती, तर ड्राइव्हच्या फिल्टरमधून होणाऱ्या किरकोळ गळतीने कधीतरी फ्रिजसकट सगळं घर बंद झालं असतं.

ड्राइव्ह लोहार चाळीतून आणला. तो लेथच्या अंगावर नको, कारण लाकडाचा भुसा. कोरडा भुसा नुसता त्रास देतो. पावसाळ्यात ओलावा धरलेला भुसा सर्किटवर बसला तर वीजही वाहून नेतो. भिंतीवर पत्र्याचा पॅनल बॉक्स लावला, खाली जाळी आणि फिल्टर, वर गरम हवा जायला वाट. ड्राइव्हच्या वर-खाली वीतभर मोकळी जागा. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत चार कोअरची शील्डेड केबल, दोन्हीकडे पितळी ग्लँड, प्रत्येक टोकाला थिंबल क्रिम्प करून. ह्या केबलमध्ये कुठेही स्विच नाही आणि नसावा. ड्राइव्ह चालू असताना मोटरची वाट तोडली तर आतले ट्रान्झिस्टर धोक्यात येतात. चालू-बंद करायचं ते ड्राइव्हला सांगून.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला बसले तो भाग. मोटर पहिल्यांदा फिरली तो प्रसंग तसा रटाळच. पट्टा न चढवता, मोटर बाकावर क्लॅम्प करून, १० हर्ट्झवर सोडली. फिरली. उलटी फिरली, म्हणून बाहेरच्या तीन वायरींपैकी दोन अदलाबदल केल्या. आतल्या बाजूला फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही, हे पुष्कळांना सांगावं लागतं. ५० हर्ट्झवर बिनबोजा १.७ अँपिअर. संपलं. ज्याला त्याला हाच प्रश्न, "फिरली का?" फिरवणं सोपं आहे. डोकं लागलं ते थांबवण्याला.

पहिला प्रश्न, लाइट गेल्यावर काय? लेथ चालू, लाइट गेली, मी वर घरात निघून गेले आणि अर्ध्या तासाने लाइट आली तर? साध्या मोटरला डीओएल स्टार्टर, म्हणजे हिरव्या-लाल बटणांची नेहमीची पेटी, लावलेला असेल तर तो आपोआप हा प्रश्न सोडवतो. त्याची कॉइल विजेवरच धरलेली असते; वीज गेली की कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर धरत नाही. ड्राइव्हला मात्र जर साधा टॉगल स्विच लावला आणि तो ‘चालू’वर राहून गेला, तर काही ड्राइव्ह वीज आल्याबरोबर मोटर फिरवायला घेतात. म्हणून थ्री-वायर कंट्रोल लावलं: हिरवं बटण क्षणभर दाबलं की सुरू, लाल बटण दाबलं की बंद. लाल बटणाचा कॉन्टॅक्ट नेहमी जोडलेला, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. ती वायर उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला तरी लेथ थांबतो. चालू राहत नाही. त्याशिवाय वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याचं सेटिंग ड्राइव्हमध्येही करून ठेवलं, आणि मग मुद्दाम चालत्या लेथवर एमसीबी पाडून, पुन्हा चढवून खात्री केली. नुसत्या मॅन्युअलवर विसंबू नये.

दुसरा प्रश्न चकचा. लाकडाच्या लेथवर चक किंवा फेसप्लेट, म्हणजे लाकूड धरणारा भाग, स्पिंडलच्या आट्यांवर चढवलेली असते, आणि कातताना लाकडाचा जोर ती आणखी घट्ट करतो. पण स्पिंडल झटकन थांबवला तर? चकवरचा पाच-सहा किलोचा ठोकळा आपल्या गतीने पुढे फिरायला बघतो आणि आटे सैल होतात. अगदी जोरात ब्रेक लागला तर चक स्पिंडलवरून उतरून थेट समोर उभ्या असलेल्या माणसाकडे येऊ शकतो. उलट दिशेने फिरवलं तर तोच प्रकार. ड्राइव्ह विकणारा मोठ्या कौतुकाने सांगतो, "रिव्हर्स फुकटात!" धातूच्या लेथवर कॅमलॉक, म्हणजे चक आट्यांऐवजी खटक्यांनी धरणारी जोडणी, असेल तर घ्या. माझ्या लेथवर मी पहिल्याच दिवशी रिव्हर्स बंद करून टाकला, ते पॅरामीटर जवळजवळ सगळ्याच ड्राइव्हमध्ये असतं.

थांबण्याचा वेळही बेताने ठरवावा लागला. वेळ कमी दिला की ड्राइव्ह स्वतःच ट्रिप होतो, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. फ्रिक्वेन्सी मोटरच्या प्रत्यक्ष वेगाहून खाली आली की मोटर जनरेटर होते. फिरत्या लाकडातली ऊर्जा वीज होऊन ड्राइव्हच्या डीसी बाजूला परत येते. मागे लाइनमध्ये ती जाऊ शकत नाही, कारण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर एकाच दिशेचा दरवाजा. मग ३२५ व्होल्टचं डीसी चढत चढत चारशेच्या आसपास गेलं की ड्राइव्ह हात झटकतो, ओव्हरव्होल्टेजची खूण दाखवतो आणि मोटर मोकळी सोडून देतो. म्हणजे ‘लवकर थांब’ म्हटलेला लेथ उलट जास्त वेळ घरंगळत राहतो. यावर ब्रेकिंग रेझिस्टर मिळतो, तो ही जास्तीची वीज जाळून टाकतो. पण आट्यांवरच्या चकला जोराचा ब्रेक द्यायचाच नसेल तर रेझिस्टर कशाला? मी आठ सेकंद ठेवले. सगळ्यात जड लाकडावरही खूण येत नाही आणि चक जागेवर राहतो. सुरू व्हायलाही पाच-सहा सेकंद दिले आहेत. ठोकळा हलत्या तोलाचा असेल तर वेग चढायच्या आधीच थरथर जाणवते आणि लाल बटणापर्यंत हात पोचतो.

ते लाल बटण कुठे असावं यावर मी पुष्कळ उलटसुलट विचार केला. छत्रीसारखं मोठं बटण, दाबलं की अडकून राहणारं, हेडस्टॉकवर, म्हणजे स्पिंडल असलेल्या टोकाला, लावायची पद्धत आहे. पण काही उडालं तर ते हेडस्टॉककडूनच उडणार. तिकडे हात घालायला कोण जाईल? मी ते टेलस्टॉकच्या, म्हणजे समोरच्या दुसऱ्या टोकाच्या, बाजूला, मांडीच्या उंचीवर लावलं. हात गुंतलेले असतील तर गुडघ्याने ढकलता येतं. आणि ड्राइव्हचं काही बिनसलं, त्याने बटणाचं ऐकलंच नाही, तर म्हणून दारापाशी वेगळा आयसोलेटर आहे, सगळी वीज तोडणारा. तो रोजच्या चालू-बंदसाठी नाही. आयसोलेटर पाडल्यावरही ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात. पॅनलच्या दारावर मी ‘वीज बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा’ असं लिहून लावलंय, कारण भाचा आला की त्याचे हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातात.

खालच्या वेगाला एक मर्यादा ठेवावी लागते. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर सावकाश फिरली की पंखाही सावकाश, पण करंट तेवढाच. म्हणजे उष्णता तीच आणि वारा कमी. २० हर्ट्झच्या खाली मी जास्त वेळ चालवत नाही. त्याहून कमी वेग हवा असेल तर पट्टा खालच्या पुलीवर टाकते, त्याने वेग कमी होतो आणि ताकद उलट वाढते. ड्राइव्ह आला म्हणून पुल्या फेकून देणारे आहेत, त्यांना मोठी ताटं कातताना कळतं. वर ६० हर्ट्झपर्यंत. त्यापुढे बिडाच्या जुन्या पुल्यांची परीक्षा मला घ्यायची नाही.

एवढं झाल्यावर शेजारच्या काकांची तक्रार आली. ते दुपारी जुन्या ट्रान्झिस्टरवर अस्मिता वाहिनी ऐकतात, आणि मी लेथ लावला की नाट्यसंगीतात मधमाश्या शिरतात. ड्राइव्ह डीसीचे तुकडे सेकंदाला हजारो वेळा करतो, त्याचा गोंगाट केबलमधून हवेत जातो आणि मध्यम लहरींवर नेमका ऐकू येतो. तुकडे करण्याची फ्रिक्वेन्सी मी मोटरची शीळ कमी व्हावी म्हणून वाढवून ठेवली होती. ती चार किलोहर्ट्झवर आणली. मोटर जरा शीळ घालते, घालू दे. ड्राइव्हही थंड राहतो. केबलच्या शील्डला दोन्ही टोकांना ग्लँडमधून धातूशी गच्च जोड दिला आणि इनपुटच्या वायरवर फेराइटचं कडं अडकवलं. काकांच्या खिडकीत अजून अगदी बारीक गुणगुण येते म्हणे. त्यांना साग कातून एक भोवरा दिला, नातवासाठी, आणि दुपारची नाट्यगीतं संपेपर्यंत लेथ लावायचा नाही असं ठरलं.

आता देखभाल एवढीच: पॅनलचा फिल्टर महिन्यातून एकदा ब्रशने झटकायचा, फुंकर किंवा ब्लोअर नाही, भुसा आत जातो. टर्मिनलचे स्क्रू वीज तोडून अधूनमधून आवळायचे, थरथरीने ते सैल पडतात. पावसाळा सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर रबाळ्याच्या काकांचा मेगर आणून मोटरचं इन्सुलेशन बघायचं. मेगर लावण्याआधी ड्राइव्हकडच्या तिन्ही वायरी टर्मिनल बॉक्समधून सोडवायच्याच, नाहीतर ते ५०० व्होल्ट मोटरला तपासता तपासता ड्राइव्हच्या आउटपुटमध्ये घुसतात आणि नवीन ड्राइव्हसाठी परत लोहार चाळ गाठावी लागते.